डिकीतलं वजन

आपल्या गाडीबद्दल कोणी वाकडं बोललेलं नीलकंठ मुळगावकरला खपत नसे. बायकोबद्दल एक वेळ चालायचं, कारण सुप्रभा आपली बाजू मांडायला समर्थ होती. गाडी बिचारी मुकी. गडद निळी, सहा सिलिंडरची, बारा वर्षं जुनी सेडान. इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. बँकेतले ओनुमा-सान निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडून त्याने ती घेतली होती, आणि टोकियोतल्या सहा वर्षांत निव्वळ हौस म्हणून केलेली अशी ती एकच गोष्ट. आठवडाभर फुनाबोरीच्या घरून भुयारी रेल्वेत अंग चोरून उभं राहायचं, ऑफिसात वाकून वाकून बोलायचं, आणि रविवारी सकाळी निळी गाडी काढून चिबाच्या किनाऱ्यापर्यंत उगाच जाऊन यायचं. वळणावर मागची चाकं गाडीला कशी ढकलतात ते पाठीला कळतं, असं तो म्हणे. शेजारी बसून बसून सुप्रभाच्या पाठीला सहा वर्षांत काहीही कळलं नव्हतं.

तर ही गाडी घेऊन फेब्रुवारीत योनेझावाला जायचं त्याने ठरवलं तेव्हा ऑफिसात कोणी हसलं नाही, हेच त्याला लागलं. योनेझावा म्हणजे उत्तरेला तीनशे किलोमीटर, हिवाळ्यात माणूसभर बर्फ. "मुळगावकर-सान, बर्फात मागच्या चाकांची गाडी म्हणजे जरा..." एवढंच बोलून पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने वाक्य सोडून दिलं. जपानी माणूस वाक्य अर्धं सोडतो तेव्हा उरलेलं अर्धं फार वाईट असतं, हे नीलकंठला आता पुरतं माहीत होतं. म्हणूनच तो हट्टाला पेटला. त्याने स्टडलेस टायर, म्हणजे बर्फावर पकड धरणारे मऊ रबराचे टायर, भाड्याने आणून बसवले आणि रात्री जेवताना जाहीर करून टाकलं.

"बुलेट ट्रेनने जा ना," सुप्रभा म्हणाली. "सव्वादोन तासांत पोचाल."

"आणि हे सामान? ते काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

सामान तिनेच काढून ठेवलं होतं, म्हणून तिने त्याला मुकाट भात वाढला.

मार्चअखेर नीलकंठचं पोस्टिंग संपत होतं. फुनाबोरीत भारतीय कुटुंब परत निघालं की सायोनारा सेल लागतो. बायका वस्तूंचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि सोफा, सायकल, राइस कुकर जिन्याजिन्याने नव्या घरांत जातात. त्यात सगळ्यांत आधी उचलला जातो तो दगडी वरवंट्यांचा वेट ग्राइंडर आणि त्याच्या जोडीचा ट्रान्सफॉर्मर, कारण भारतातलं यंत्र जपानच्या शंभर व्होल्टवर नुसतं कण्हतं. सुप्रभाच्या ग्राइंडरसाठी तीन जणींनी नंबर लावले होते. तिने तिघींना नकार दिला. तो लेकीला, कादंबरीला द्यायचाय, म्हणाली. मग एकेक करत दोन्ही कुकर, घावनांचा बिडाचा तवा, खलबत्ता, पुरणयंत्र, वीस किलो कणीक आणि आमसुलांची बरणी, सगळंच कादंबरीच्या नावाने खोक्यांत गेलं. तिला एवढं सामान कशाला, हा प्रश्न नीलकंठला पडला नाही. त्याला गाडी न्यायला निमित्त मिळालं होतं, आणि माणसाला निमित्त मिळालं की तो पुढचं विचारत नाही.

कादंबरी ही त्यांची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. बर्फाच्या कोठारात साठवलेल्या धान्याची चव का बदलते यावर ती पाच वर्षं योनेझावाजवळ डॉक्टरेट करत होती, आणि ती मार्चमध्येच पुरी होणार होती. नीलकंठच्या दृष्टीने याहून जुळलेला योग नव्हता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्याचा कॉलेजातला मित्र शैलेंद्र मोठ्या पदावर होता. त्याने कादंबरीसाठी जागा पाहून ठेवली होती, फक्त सोमवारपर्यंत होकार हवा होता. मुंबईच्या फ्लॅटला रंग लागत होता. मुलगी आठवडाभर पुण्यात, शनिवार-रविवार घरी, असं सगळं त्याने मनात मांडून टाकलं होतं. आता तिला ते समोर बसून नीट सांगायचं आणि होकार घेऊन यायचं, एवढंच या खेपेचं काम. सोफा न्यायला लोक येणार म्हणून सुप्रभा मागे राहिली.

शनिवारी सकाळी तो निघाला. फुकुशिमापर्यंत रस्ता काळाभोर आणि कोरडा होता. मग डोंगर लागले, बर्फ भुरभुरायला लागलं, आणि लांबलचक बोगद्यातून बाहेर पडल्यावर रस्ता, कठडे, झाडं सगळं एकाच रंगाचं झालं. नीलकंठने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, खांदे कानांपर्यंत आले. पुढे मालट्रकची रांग गुरांसारखी सावकाश चालली होती. तो तिच्या मागे लागला. एक चढ आला, मग दुसरा, मग उतारावरचं वळण. गाडीचं शेपूट इंचभरही हललं नाही. हळूहळू खांदे खाली आले. योनेझावाचा फाटा येईपर्यंत तर तो गाडीशी मोठ्याने बोलायला लागला होता. जरा म्हणे जरा, असं तो तिला म्हणाला, आणि डॅशबोर्डवर थोपटलं.

गावाबाहेर शेतांच्या कडेला एन्दो-सान नावाच्या म्हाताऱ्या शेतकरीणबाईंच्या घराला लागून एक दोन खोल्यांचं घर होतं, तिथे कादंबरी भाड्याने राहायची. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून ती वाटेवर उभी होती. नीलकंठ पाच वर्षांत इथे दोनदाच आला होता आणि दोन्ही वेळा उन्हाळ्यात; तेव्हा हिरवीगार भातशेती पाहून त्याला कोकण आठवलं होतं. आता तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं.

"हँडब्रेक ओढू नका हं बाबा, उद्यापर्यंत गोठून बसेल. आणि वायपर उभे करून ठेवा."

"हँडब्रेक न ओढता गाडी सोडायची? तीस वर्षं चालवतोय मी."

"घाटकोपरला," कादंबरी म्हणाली आणि स्वतःच वायपर उभे केले.

सामान उतरवताना एन्दो-सानही मदतीला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम नीलकंठच्या खांद्याला, आणि कणकेची पोती त्यांनी दोन फेऱ्यांत आत नेली. ग्राइंडर पाहून त्यांनी हातमोजा काढला, आतल्या दगडावरून हात फिरवला आणि कादंबरीला काहीतरी विचारलं.

"आमच्याकडे मोचीसाठी चिकट भात कुटायचं दगडी उखळ असतं, तसंच का हे, असं विचारतायत," कादंबरीने सांगितलं. "त्यांच्या सासूचं अजून आहे त्यांच्याकडे."

स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी जाड लाकडाची एक नवी फळी होती, खालून दोन दणकट पाय दिलेली. नीलकंठने कमरेतून कण्हत ग्राइंडर उचलला आणि त्या फळीवर ठेवला. बरोबर बसला, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. खाली ट्रान्सफॉर्मरही मावला. "बरी सापडली गं फळी मापाची," तो म्हणाला. कादंबरीने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण मग कुकरचं खोकं उघडायला वळली.

सुप्रभाचा फोन आला. "ग्राइंडर पोचला?"

"पोचला."

"आणि?"

"आणि काय? ट्रान्सफॉर्मर लावून फिरवून पाहिला. छान चालतोय. गाडी कशी आली ते विचार ना. एकदासुद्धा घसरली नाही."

"बरं," सुप्रभा म्हणाली. "जेवून घ्या."

संध्याकाळी पिठलं-भात झाला. कादंबरीने पिठलं आईसारखंच केलं होतं, नीलकंठने दोनदा घेतलं आणि मग विषय काढला. काढला म्हणजे काय, सगळं वाचूनच दाखवलं: संस्था कुठे आहे, शैलेंद्र काय म्हणाला, राहायची सोय कशी होईल, मुंबईची रेल्वे कुठून सोयीची. "सोमवारी त्याला हो कळवायचंय," त्याने शेवट केला.

कादंबरी ताटातल्या भाताला बोटाने खिंड पाडत बसली होती. "उद्या बोलू या, बाबा," ती म्हणाली. "आज दमला असाल."

नाही म्हणाली नाही, म्हणजे होच, असा अर्थ काढून नीलकंठ समाधानाने झोपला. कर्जाच्या अर्जावर कोणी असं म्हटलं असतं तर त्याने तो अर्ज तिथेच बाजूला ठेवला असता. पण ती बँक झाली.

सकाळी खिडकीबाहेर खरवडल्याचा आवाज येत होता म्हणून त्याने पडदा सारला. कादंबरी पत्र्याचं मोठं सूप असावं तशा ढकलगाड्याने वाटेवरचं बर्फ ढकलत होती. आपल्या दारातलं झालं, एन्दो-सानच्या दारातलं झालं, मग ती गाडीकडे वळली आणि लांब दांड्याच्या ब्रशने टपावरचा हातभर थर बाजूला पाडला. रस्त्याने जाणारा कोणीतरी थांबला, दोघं आभाळाकडे बोट दाखवून काही बोलले आणि हसले. नीलकंठ तसाच उभा राहिला. सकाळी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारी मुलगी त्याला आठवत होती, आणि समोरची बाई तिच्याशी ताडून पाहायला त्याला वेळ लागत होता.

डोंगरावर वीस मिनिटांवर गरम पाण्याच्या झऱ्यांची जुनी न्हाणीघरं होती. तिथे जायचं, अंग शेकायचं आणि निवांत बोलायचं असं त्याने ठरवलं होतं.

"बसने जाऊ या का?" कादंबरीने विचारलं. "वर चढ आहे बराच."

"काल बघितलं असतंस म्हणजे कळलं असतं तुला, काय गाडी आहे ती."

निघताना तिने मागच्या सीटवर एक फावडं आणून ठेवलं. नीलकंठ हसला.

पहिली दहा मिनिटं सपाट होती. पहिल्या चढालाच त्याला काहीतरी निराळं वाटलं. गाडी हलकी झाली होती, मागून कोणीतरी तिला उचलून धरल्यासारखी. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. वळण आलं तसं त्याने ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, आणि मागची चाकं नुसतीच गरगरली. मग शेपूट अगदी शांतपणे, काही घाई नसल्यासारखं, डावीकडे निघालं.

"ब्रेक नको," कादंबरी म्हणाली.

त्याने ब्रेक दाबला. तीस वर्षांच्या सवयीने, जीव खाऊन दाबला. गाडी आडवी झाली, चार-पाच हात तशीच मागे घसरत गेली, आणि मागचं डावं चाक कडेच्या बर्फात भसकन रुतलं. थांबली. इंजिन चालूच होतं. समोरच्या काचेतून रस्त्याऐवजी देवदारांची रांग दिसत होती.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही." त्याने दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. "काल तर सरळ आली. याहून उभे चढ होते काल. आज काय धाड भरली हिला?"

कादंबरी देवदारांकडे बघत होती. "काल डिकीत काय होतं, बाबा?"

"तुझ्या आईचं स्वयंपाकघर."

"किती किलो असेल?"

"शंभर तरी असेल. त्या ग्राइंडरने तर कंबर..." आणि तो थांबला.

शंभर किलो, अगदी मागच्या चाकांच्या डोक्यावर. काल रस्त्याला घट्ट धरून ठेवणारी ती गाडी नव्हती आणि तोही नव्हता. ते कुकर होते, खलबत्ता होता, वीस किलो कणीक होती. हे कळायला फार हुशारी लागत नव्हती, आणि ते त्याला एका क्षणात कळलं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही कळलं. एप्रिलमध्ये घरी येणाऱ्या मुलीला फेब्रुवारीत कोणी अख्खं स्वयंपाकघर पाठवत नाही. तीन जणींनी नंबर लावलेला ग्राइंडर सुप्रभाने उगाच धरून ठेवला नव्हता. आणि ती फळी मापाची सापडली नव्हती, ती माप घेऊन केली होती.

"तू परत येणार नाहीयेस," तो म्हणाला.

"नाही, बाबा. इथल्याच लॅबमध्ये तीन वर्षांचं काम मिळालंय मला. मी हो म्हटलंय."

"आईला कधी सांगितलंस?"

"दिवाळीत."

"दिवाळीत." काचेवर बर्फाचे कण पडत होते आणि वायपर ते सावकाश पुसत होते. "म्हणजे घरात सगळ्यांना माहीत. मी एकटा बावळट."

"बावळट नाही. तुम्ही विचारलंच नाहीत." ती आता त्याच्याकडे वळली होती. "तुम्ही फोन करून सांगितलंत की शैलेंद्रकाकांशी बोलणं झालंय, ऑलमोस्ट फायनल आहे. त्यानंतर मी दोनदा फोन केला होता, हेच सांगायला. दोन्ही वेळा तुम्ही मला फ्लॅटचं रंगकाम दाखवलंत. माझ्या खोलीला कुठला रंग द्यायचा, विचारलंत. इतके खूश होता तुम्ही."

"मग?"

"मग मी पिवळा म्हटलं."

नीलकंठला राग आला होता. मुलीचा आला होता, त्याहून सुप्रभाचा, आणि रागाच्या तळाशी निखळ भीती होती. परत जायचं म्हणजे तिघांनी जायचं, हे सहा वर्षं त्याने इतकं धरून चालवलं होतं की दोघांनी जायचं झालं तर त्या घराचं कुलूप उघडून आत करायचं काय, ते त्याला सुचेना. पिवळ्या खोलीचं तर काहीच सुचेना.

"कोणी आहे का इथे?" त्याने विचारलं. "तसं असेल तर स्पष्ट सांग."

"आहेत ना. एन्दो-सान आहेत."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. बाबा, मला इथलं काम आवडतं. सकाळी उठून ते बर्फ ढकलणंसुद्धा आवडतं, आणि हे सांगताना मलाच लाज वाटते, कारण मुंबईत मी कधी केर काढला नाही. तुम्हा दोघांना सोडून राहायचंय म्हणून नाही राहत मी. मला रडू येतं, रोज नाही, पण येतं. तरी राहणार आहे."

"एकटीला काही झालं तर?"

"आत्ता काय झालं?" कादंबरीने दार उघडलं. "चला, फावडं घ्या. एक्झॉस्टकडचं आधी मोकळं करावं लागतं."

दोघांनी आळीपाळीने बर्फ उपसलं. नीलकंठचे ऑफिसचे बूट दोन मिनिटांत भिजले, नाकाचा शेंडा बधिर झाला. एक छोटा ट्रक येऊन थांबला, कादंबरीने हात हलवून चालकाला सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि तो वाकून पुढे गेला. तिने गाडीतल्या पायपुसण्या काढून मागच्या चाकांपुढे उलट्या करून खुपसल्या. कपाळावरचे केस मागे सारत ती म्हणाली, "मी चालवू?"

"विम्यात तुझं नाव नाही."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. शेवटी नीलकंठलाही हसू आलं, नको असताना आलं. एवढं सगळं झाल्यावर बँकेतला माणूस विम्याचंच बोलणार.

"बरं, तुम्हीच चालवा. मी मागून ढकलते. सेकंडला टाका. पाय अगदी हलका, अंडं ठेवलंय असं समजा पायाखाली. शेपूट निघालं तर ब्रेक नाही, पाय सोडायचा नुसता. आणि बर्फाकडे बघायचं नाही. जिथे जायचंय तिथे बघायचं."

त्याने तसं केलं. पायपुसण्या फर्र करून मागे उडाल्या, गाडी थरथरली आणि वर आली. शेपूट पुन्हा निघू पाहत होतं. ब्रेककडे गेलेला पाय त्याने मधेच आवरला, ॲक्सिलरेटर सोडला, रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडी आपणहून सरळ झाली. आरशात कादंबरी दोन्ही हातांत पायपुसण्या घेऊन धावत येताना दिसली. न्हाणीघराचा बेत सोडून ते खाली वळले. उतारावर ती फक्त अधूनमधून "पाय" म्हणायची, आणि तो पाय सोडायचा.

घरी आल्यावर चहा झाला. नीलकंठ कप घेऊन ओट्यापाशी उभा राहिला आणि त्याने फळी नीट पाहिली. कडा पॉलिशकागदाने घासलेल्या होत्या. भिंतीतल्या स्क्रूभोवती पेन्सिलीने मारलेल्या खुणा दिसत होत्या.

"कोणी केली?"

"मी. एन्दो-सानच्या मिस्टरांची हत्यारं आहेत अजून. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आईने ग्राइंडरचं माप फोनवर दिलं होतं."

नीलकंठने फळीवर तळहात ठेवून जोर दिला. हलली नाही. चांगलं काम होतं, आणि त्याला ते चांगलं वाटलं, आणि वाटलं याचंच वाईटही वाटलं.

बारा वाजता निघायचं ठरलं, म्हणजे उजेडात डोंगर ओलांडता येतील. कादंबरी डिकी उघडून आत वाकून बघत होती.

"रिकामी नाही न्यायची, बाबा. सकाळसारखं होईल. असं करू, ग्राइंडर आणि ट्रान्सफॉर्मर परत ठेवू. घाटापुरतं वजन होईल. टोकियोला पोचलात की तिथून मला कुरियरने पाठवा, दोन दिवसांत येईल."

बोलणं अगदी व्यवहाराचं होतं. नीलकंठने मान हलवली आणि आत गेला. ग्राइंडर फळीवर काल ठेवला तसाच होता. त्याने त्याला दोन्ही बाजूंनी हात घातले. एकदा हा डिकीत गेला की फुनाबोरीला पोचेल. फुनाबोरीला पोचला की सोमवारी शैलेंद्रला आणखी चार दिवस मागता येतील, कादंबरीशी पुन्हा बोलता येईल, सुप्रभाला बोलायला लावता येईल. त्याला स्वतःची ही लबाडी स्वच्छ दिसली. कोणाला कळलीही नसती. तो तसाच वाकलेला राहिला, आणि मग त्याने हात काढून घेतले.

"नको," बाहेर येऊन तो म्हणाला. "तो राहू दे जिथे आहे तिथे."

"अहो, पण वजन..."

"दुसरं काहीतरी बघ. तो नको हलवायला. एवढी घासूनपुसून फळी केलीस."

कादंबरी उभी राहिली. तिने हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसले आणि एन्दो-सानच्या कोठाराकडे गेली. परत आली ती त्यांना घेऊनच. दोघींनी तपकिरी कागदाची तांदळाची दोन पोती ओढत आणली, तीस-तीस किलोंची, तोंडं सुतळीने बांधलेली. नीलकंठ मदतीला धावला तर एन्दो-साननी त्याच्या कमरेकडे पाहून त्याला बाजूला व्हायला खुणावलं. पोती मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, पुढे-मागे होऊ नयेत म्हणून दोरीने बांधून, त्यांनी डिकी लावली. मग त्या नीलकंठकडे वळून सावकाश, त्याला कळेल अशा जपानीत बोलल्या. तांदूळ त्यांच्याच शेतातला, गेल्या हंगामातला, कादा-चानच्या, म्हणजे कादंबरीच्या, बर्फाच्या कोठारात ठेवलेला. तिकडे गेल्यावर शिजवून बघा, निराळा लागतो.

नीलकंठ कमरेत वाकला. सहा वर्षांत तो हजारदा वाकला असेल, पण या खेपेला उभं राहायला त्याला वेळ लागला.

"पोचल्यावर फोन करा," कादंबरी म्हणाली. "आणि पाय हलका."

"हो गं, कळलं."

बोगद्यापर्यंतचे चढ त्याने सेकंडमध्ये काढले. दोनदा शेपूट निघालं. दोन्ही वेळा त्याने पाय सोडला आणि पुढे पाहिलं.

फुकुशिमा मागे पडल्यावर रस्ता काळा झाला, ऊन पडलं. एका पार्किंग एरियात त्याने गाडी लावली आणि घरी फोन केला.

"पोचलात?" सुप्रभाने विचारलं.

"निम्म्यात आहे." मग तो म्हणाला, "ग्राइंडर तिथेच ठेवून आलो."

सुप्रभाच्या मागे कोणीतरी सोफा ओढत असावं, लाकडी जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता.

"कादंबरी परत घेऊन जा म्हणत होती. डिकीत वजन हवं म्हणून. मी नको म्हटलं."

"मग आता डिकीत काय आहे?"

"तांदूळ. साठ किलो."

"साठ किलो? अहो, दीड महिन्यात निघायचंय आपल्याला."

"मुंबईला नेऊ थोडा. बाकीचा वाट सगळ्यांना, ग्रुपवर टाक." मग त्याने विचारलं, "मला सांगायचं नाही का गं दिवाळीत?"

"तिने सांगावं असं वाटत होतं मला. एवढं सामान नेताना तुम्हाला कळेल म्हणून एकट्याला पाठवलं." तिने हळूच विचारलं, "रागावलात?"

"रागावलोय. घरी येऊन रागावतो नीट." मग तो म्हणाला, "पेंटरला सांग, तिच्या खोलीला पिवळाच दे म्हणावं. येईल तेव्हा राहील."

"सावकाश या," सुप्रभा म्हणाली.

शैलेंद्रला सोमवारी कळवायचं होतं, ते त्याने तिथेच बसून दोन ओळींत कळवून टाकलं. मग गाडी रस्त्यावर आणली. रस्ता कोरडा होता, आता वजनाची काही गरज नव्हती. तरी वळणावळणाला मागचे साठ किलो पाठीला कळत होते.